कुठल्या पार्टीचा बे तू?

'पत्रकारिता निष्पक्ष राहिली आहे का?' या विषयावर मी सोलापुरात आणि जिल्ह्यात इतकं बोललोय की मुद्दे आता झोपेतही सांगेन. ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घातला की असा परिसंवाद कुठे ना कुठे ठरलेलाच. २०२४ च्या जानेवारीत माझ्या हातात नवं हत्यार होतं. आदल्या वर्षी लोकनीती-सीएसडीएसने देशातल्या २०६ पत्रकारांना प्रश्न विचारून एक अहवाल काढला होता आणि त्यातल्या ८२ टक्क्यांनी सांगितलं होतं की आपली संस्था भाजपकडे झुकलेली आहे. टाळ्या जिथे हमखास पडतात त्या जागी मी तो आकडा ठेवला. माझ्यानंतर उठलेल्या सहकाऱ्याकडे अमेरिकेचा आकडा होता. इंडियाना विद्यापीठाच्या २०१३ च्या पाहणीत तिथले २८ टक्के पत्रकार स्वतःला डेमोक्रॅट म्हणवत होते आणि रिपब्लिकन जेमतेम ७ टक्के. तेव्हा पत्रकार ही जातच डावी, असं त्याचं म्हणणं. टाळ्या दोघांनाही पडल्या, सभागृहाच्या दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांतून.

चहाच्या वेळी एका निवृत्त शिक्षकांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही संस्थेचा आकडा सांगितला, त्यांनी माणसांचा सांगितला. मग भांडण नेमकं कशावर चाललं होतं?" मी हसून वेळ मारून नेली. घरी येऊन दोन्ही आकडे पुन्हा पाहिले तेव्हा मास्तरांचं बरोबर निघालं. माझा आकडा मालकाच्या झुकावाचा होता. बातमीदार कोणाला मत देतो याच्याशी त्याचा संबंध नव्हता. सहकाऱ्याचा आकडा बातमीदारांच्या मनाचा होता, आणि त्याच पाहणीत निम्मे लोक कुठल्याच पक्षाचे नव्हते हे त्याने सांगितलं नव्हतं. मला ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी त्याला अडवलंही नव्हतं. पण खरी गोष्ट अशी की इतक्या वर्षांत माझ्या हातून बातम्यांमध्ये जो पक्षपात झाला, तो या दोन्ही आकड्यांत कुठेच बसत नाही. मालकाने मला क्वचितच फोन केला. आणि मी मत कोणाला देतो, याचा माझ्या वाईटात वाईट बातम्यांशी काही संबंध नव्हता.

सुरुवात सुशीलकुमार शिंदेंपासून करावी लागेल, कारण सोलापूरच्या पत्रकाराला ते काँग्रेस पक्षाचे पुढारी म्हणून कधी दिसलेच नाहीत. याच गावच्या कोर्टातला पट्टेवाला, मग फौजदार, मग आमदार, मुख्यमंत्री, राज्यपाल आणि शेवटी देशाचा गृहमंत्री, ही गोष्ट ऐकतच आम्ही मोठे झालो. आमच्या कार्यालयात शाखेत वाढलेला उपसंपादकही त्यांचा उल्लेख 'साहेब' असाच करायचा, आणि त्यात लाळघोटेपणा अजिबात नव्हता. गावातल्या मुलाला बोर्डात नंबर मिळाल्यावर वाटतं तसं आम्हाला वाटायचं.

२३ फेब्रुवारी २०१४, रविवार. लोकसभा निवडणूक तोंडावर आलेली. सोलापुरात युवक काँग्रेसच्या कार्यक्रमात साहेब बोलत होते. इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला एक गट काँग्रेसविरुद्ध खोटा प्रचार करतो आहे, कोण काय करतंय हे आपल्याला कळतं कारण गुप्तचर खातं आपल्या हाताखाली आहे, आणि हे थांबलं नाही तर अशांना चिरडून टाकू, अशा अर्थाचं ते बोलले. मी ते वहीत उतरवून घेतलं. कार्यालयात येऊन बातमी लिहिली ती मात्र 'तरुणांनी घरोघरी जावे' या आवाहनाची. माध्यमांविषयीचं वाक्य शेवटून दुसऱ्या परिच्छेदात गेलं, तेही असं: 'यावेळी त्यांनी माध्यमांचाही समाचार घेतला.' आमच्या धंद्यात हे क्रियापद फार उपयोगाचं आहे. त्यात धमकीही मावते, विनोदही मावतो, आणि वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या वाहिन्यांवर दिवसभर तेच वाक्य चाललं. साहेबांनी खुलासा केला की आपला रोख सोशल मीडियावर होता, पत्रकारांवर नव्हता. तो खुलासा वाचून मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला पुढे कित्येक वर्षं टोचत राहिलं. देशाचा गृहमंत्री गुप्तचर खात्याचं नाव घेऊन माध्यमांना दम भरतो, समोर बसलेला पत्रकार ते ऐकतो, लिहून घेतो आणि शेपटीला टाकतो. मला कोणाचा फोन आला नव्हता. पाकीट नव्हतं, जाहिरात नव्हती, कसली भीतीही नव्हती. 'साहेबांची बोलण्याची तऱ्हा आपल्याला ठाऊक आहे, त्यांना तसं म्हणायचं नसतं' एवढंच माझ्या डोक्यात होतं. तऱ्हा मला ठाऊक होती म्हणून वाचकाला ती बातमी मिळाली नाही. हेच वाक्य सोलापुरात येऊन गुजरातच्या किंवा उत्तर प्रदेशच्या एखाद्या नेत्याने उच्चारलं असतं, तर मी ते पहिल्या पानावर आठ कॉलम लावायला भांडलो असतो.

मे महिन्यात शरद बनसोडे सुमारे दीड लाखाच्या फरकाने निवडून आले आणि साहेब पडले. मी छापून टाकलं होतं की लढत चुरशीची, पण शेवटी साहेबच. ज्यांना विचारून हे लिहिलं ती माणसं नेहमीची होती: डफरीन चौकातले वकील, सात रस्त्यावरचे दोन कंत्राटदार, महापालिकेतले जुने नगरसेवक, एक निवृत्त प्राचार्य. सगळी शहाणी माणसं, सगळी एकमेकांना ओळखणारी. पूर्व भागात, जिथे यंत्रमाग आणि विड्यांवर घरं चालतात, तिथे मी प्रचारफेरीच्या मागे गेलो आणि फेरीबरोबरच परत आलो. निकालानंतर नव्या पेठेतल्या चहाच्या गाड्यावर ओळखीच्या पोराने विचारलं, "काय बे, कुठल्या पार्टीचा तू?" सोलापुरात 'बे' ही शिवी नाही, जवळीक आहे. पण त्या दिवशी ती लागली.

मग मी दुसरी चूक केली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती, कारण ती ठरवून केली.

आपण काँग्रेसवाले नाही हे दाखवण्याचं मी मनावर घेतलं. महापालिकेत तेव्हा काँग्रेस आघाडीची सत्ता होती, त्यामुळे सामग्रीची कमतरता नव्हती. काँग्रेसच्या नगरसेवकाच्या वॉर्डातलं तुंबलेलं गटार मला तीन कॉलमांचं वाटू लागलं. याच उत्साहात एका नगरसेविकेवरचा आरोप मी तिला फोन न करताच छापला. फोन करायचं सुचलं नव्हतं असं नाही. तिची बाजू घेतली तर आपण पुन्हा त्यांचेच ठरू, या धास्तीने केला नाही. तिसऱ्या दिवशी ती कागद घेऊन कार्यालयात आली. ज्या कामाबद्दल आरोप होता त्याचा कार्यादेश तिच्या निवडून येण्याच्याही आधीचा होता. ती ओरडली नाही. "दादा, एक फोन करायचा होता," एवढंच म्हणाली. आम्ही खुलासा छापला, सातव्या पानावर, सिंगल कॉलम. आरोप तिसऱ्या पानावर होता.

त्याच सुमारास मी पट्टी घेऊन बसायला लागलो. दोन्ही पक्षांच्या बातम्या कॉलम सेंटिमीटरमध्ये सारख्या. निवडणुकीत जिल्हाधिकारी कार्यालयातली समिती पेड न्यूजच्या संशयावरून कात्रणं तपासते, त्यामुळे पट्टीला सरकारी कारणही मिळालं. २००९ च्या विधानसभेनंतर पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'तून दाखवून दिलं होतं की अशोक चव्हाणांवरचा तोच मजकूर एकमेकांच्या स्पर्धक दैनिकांत शब्दशः छापून आला होता. त्या 'अशोकपर्वा'नंतर प्रत्येक आवृत्तीत एक पट्टीवाला तयार झाला. आमच्याकडे तो मी. एका सभेला पाच हजार माणसं आणि दुसरीला मंडपवाल्यासकट दीडशे, तरी छायाचित्र दोघांचं तीन कॉलमच, आणि दुसरीचं अशा कोनातून की रिकाम्या खुर्च्या दिसू नयेत. ही माझी निष्पक्षता. तक्रार कोणत्याच पक्षाची आली नाही, कारण खोटं दोघांच्याही सोयीचं होतं.

२०१९ ची चूक मला सगळ्यात उशिरा कळली. त्या वर्षी सोलापुरात प्रकाश आंबेडकर उभे राहिले आणि लढत तिरंगी झाली: भाजपचे जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी, काँग्रेसचे शिंदे आणि वंचित बहुजन आघाडीचे आंबेडकर. मी बुधवार पेठेत गेलो. या वेळी प्रचारफेरी सोडून गेलो होतो, त्याचाही मला अभिमान होता. ज्याला त्याला विचारलं, तुमच्या मतांनी कोण पडणार? एक पोरगा, कॉलेजात जाणारा असावा, वैतागला. "साहेब, सकाळपासून तुम्ही चौथे. सगळे हेच विचारतात, कोण पडणार. नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते तरी विचारा की." मी वहीत काही लिहिलं नाही, कारण माझ्या बातमीत पाण्याला जागा नव्हती. बातमी होती मतविभाजनाची. शिंदेंना जिंकायचं कारण हवं होतं, महास्वामींना जिंकायचं कारण हवं होतं, आणि आंबेडकरांना मत देणाऱ्यांना मात्र मी कारणच विचारलं नाही. त्यांचं मत म्हणजे माझ्या लेखी दुसऱ्याच्या घरातून उचललेली वस्तू.

निकाल लागला. महास्वामी ५ लाख २४ हजार, शिंदे ३ लाख ६६ हजार, आंबेडकर १ लाख ७० हजार. मी लगेच बेरीज केली. शिंदे अधिक आंबेडकर म्हणजे ५ लाख ३६ हजार, विजयी उमेदवारापेक्षा जास्त. विश्लेषण लिहून मोकळा झालो: वंचितमुळे काँग्रेस पडली. ते पुष्कळांना आवडलं. एका काँग्रेस पदाधिकाऱ्याने फोन करून शाबासकी दिली, भाजपच्या एकानेही दिली. तेव्हाच शंका यायला हवी होती.

कोविडच्या काळात घरात बसून जुनी कात्रणं लावताना २०१४ चा तक्ता हाताला लागला. त्या वेळी आंबेडकर मैदानात नव्हते. शिंदेंना मतं होती ३ लाख ६८ हजार. पाच वर्षांनी, आंबेडकर असताना, ३ लाख ६६ हजार. फरक दोन हजारांचा. मतदान एकूण वाढलं होतं, आणि भाजपचा आकडाही २०१४ च्या आसपासच राहिला होता. एवढ्यावरून कोण कुठून आलं हे सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. कोणी इकडून तिकडे गेले असतील, कोणी पहिल्यांदाच घराबाहेर पडले असतील. पण माझी बेरीज एका गृहीतावर उभी होती, की ती १ लाख ७० हजार मतं मुळात काँग्रेसची ठेव आहे. ते गृहीत मला कोणत्या पक्षाने शिकवलं नव्हतं. ते कार्यालयातल्या हवेतच होतं. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय, आणि मी ते उदाहरण भाषणांत वापरत आलोय. न छापण्याचा पक्षपात म्हणजे काय हे सांगायला ते उत्तम उदाहरण आहे. बुधवार पेठेतलं पाणी मी छापलं नव्हतं, हे मात्र त्या भाषणांत कधी आलं नाही.

या पार्श्वभूमीवर कुंभारीच्या रे नगरचं प्रकरण बघा. कामगारांसाठी ३० हजार घरं, आणि त्यासाठी अनेक वर्षं झटणारे मार्क्सवादी पक्षाचे नरसय्या आडम, सोलापूरचे आडम मास्तर. मास्तरांच्याच पुढाकारातली विडी कामगार महिलांची गोदूताई परुळेकर वसाहत, १० हजार घरांची, २००६ मध्ये मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाली. रे नगरची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये नरेंद्र मोदींनी केली. त्या व्यासपीठावर मास्तरांनी मोदींची आणि फडणवीसांची स्तुती केली म्हणून त्यांच्या पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं. जानेवारी २०२४ मध्ये १५ हजार घरांच्या चाव्या पुन्हा मोदींच्याच हस्ते दिल्या गेल्या. भाषणात पंतप्रधान गहिवरले, लहानपणी आपल्यालाही असं घर मिळालं असतं तर, असं म्हणाले.

पत्रकाराला पक्षपाताच्या चाचणीला बसवायचं तर यापेक्षा चांगली प्रश्नपत्रिका नाही. लाल बावट्याने मागितलेली, केंद्र आणि राज्याच्या अनुदानातून उभी राहिलेली, भाजपच्या पंतप्रधानांनी वाटलेली घरं. बहुतेकांनी अश्रू मथळ्यात घेतले. मी नाक मुरडलं. पत्रकार दिनाच्या त्या भाषणाला दोन आठवडेही झाले नव्हते आणि ८२ टक्क्यांचा आकडा डोक्यात ताजा होता. मी वेगळं लिहायचं ठरवलं: मास्तरांचा लढा, मोर्चे, त्यांचं निलंबन, आणि शेवटी चौकट, 'श्रेय कोणाचं?' सहकाऱ्यांची बातमी पक्षपाती आणि आपली निर्भीड, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं.

दोन-तीन आठवड्यांनी त्याच वसाहतीतल्या एका विडी कामगार बाईंशी बोलणं झालं. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. त्यांना दोन्ही प्रकारच्या बातम्या पोराने वाचून दाखवल्या होत्या. "मोदीसाहेब रडले ते लिवलं. मास्तर भांडले ते लिवलं. हप्ता किती बसतो ते कुणी लिवलं नाय की." अनुदान केंद्राचं दीड लाख आणि राज्याचं एक लाख, बाकीचा भार घर घेणाऱ्यावर, आणि त्यासाठी बहुतेकींनी कर्ज काढलेलं. घर शहराबाहेर अक्कलकोट रस्त्याला. पानं-तंबाखू आणायला आणि वळलेल्या विड्या द्यायला शहराकडे यायचं, तर बसला किती जाणार? हिशोब बाईंच्या तोंडावर होता. तो माझ्या बातमीत नव्हता आणि अश्रूवाल्यांच्या बातमीतही नव्हता. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत भांडत होतो, आणि बाई आमच्या दोघांच्या मध्ये उभ्या असून कोणालाच दिसल्या नाहीत. त्यांना घर मिळाल्याचा आनंद होता, आणि मास्तरांबद्दल आणि मोदींबद्दल, दोघांबद्दलही, त्या बऱ्याच मायेने बोलल्या. हेही माझ्या चौकटीत बसत नव्हतं.

परिसंवादात कोणी फारच अडचणीचं विचारलं की मी कुर्बान हुसेनांच्या मागे लपतो. १९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेलेल्या चौघांपैकी, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्याबरोबरचे, ते पत्रकार होते; 'गजनफर' नावाचं पत्र चालवत. "कुर्बान हुसेन निष्पक्ष होते काय?" असं विचारलं की सोलापूरच्या कुठल्याही सभागृहात पुढे कोणी बोलत नाही. मग आगरकरांचा 'सुधारक', अत्र्यांचा 'मराठा', सगळ्यांना रांगेत उभं करता येतं. ही चलाखी आहे. त्यांनी आपली बाजू पहिल्या पानावर छापून वाचकाला आधीच सांगितली होती. मी 'समाचार घेतला' असं लिहून नामानिराळा राहिलो होतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये भाजपच्या चंद्रशेखर बावनकुळेंची नगरच्या बैठकीतली ध्वनिफीत बाहेर आली. निवडणुकीपर्यंत विरोधात बातम्या येऊ नयेत म्हणून पत्रकारांना चहाला न्या, ढाब्यावर न्या, असा कार्यकर्त्यांना सल्ला. आम्ही सगळे चिडलो. मीही खरमरीत लिहिलं. आमच्या जुन्या छायाचित्रकाराने ते वाचून एवढंच विचारलं, "तुला राग चहाचा आला की रेट उघडा पडल्याचा?"

रेटवरून आठवलं. परिसंवादात मी मालकांवर बोललो, पक्षांवर बोललो, वाहिन्यांवर तर तोंडभरून बोललो. जाहिरातीच्या कमिशनवर कधी बोललेलो नाही. सुरुवातीला मी तालुक्याचा वार्ताहर होतो. मानधन नावापुरतं, घर चालायचं ते आणलेल्या जाहिरातींच्या टक्केवारीवर. नेत्याचा वाढदिवस, कारखान्याचा गळीत हंगाम, दिवाळी अंकातल्या शुभेच्छा. ज्याच्यावर लिहायचं त्याच्याच दारात पावतीपुस्तक घेऊन उभं राहायचं. राज्यातल्या बहुतेक तालुका वार्ताहरांचं आजही हेच चालतं, आणि पत्रकारांच्या पक्षपातावरच्या कुठल्याही पाहणीत हा प्रश्न मी अजून पाहिलेला नाही.

आमच्या भागातल्या एका कारखान्याने उसाची बिलं थकवली होती. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा. तिथे महिने उलटले होते. एक शेतकरी पावत्यांच्या झेरॉक्स घेऊन माझ्याकडे आला. बातमी पक्की होती. पण त्याच महिन्यात अध्यक्षांच्या वाढदिवसाची चार पानी पुरवणी मी मिळवली होती आणि तिचं बिल यायचं होतं. मी बातमी लिहिली आणि ठेवून दिली. तो शेतकरी फोन करायचा, "दादा, कवा येतीया?" मी म्हणायचो, पुण्याला पाठवलीय. पुरवणीचा चेक वटला, कमिशन हातात आलं, आणि मग ती बातमी आली. तोवर अर्ध्या लोकांना बिलं मिळाली होती, त्यामुळे ती लहान झाली होती. अध्यक्ष कुठल्या पक्षाचे होते याला काही अर्थ नाही. नंतर त्यांनी पक्ष बदलला, पुरवणी चालूच राहिली. त्या शेतकऱ्याला मी खरं कारण कधी सांगितलं नाही, आणि त्या कमिशनमधून घेतलेल्या मोटारसायकलवर मी पुढे कितीतरी वर्षं बातम्यांना हिंडलो.

आता मी डेस्कवर बसतो. गेल्या महिन्यात तालुक्याचा नवा वार्ताहर आला. चांगला आहे, वाचतो, लिहितो. त्याच्या भागातल्या आमदारांचा वाढदिवस जवळ आला होता. पूर्ण पान रंगीत किती आणि अर्धं किती, आणि त्यात त्याचे किती, असं त्याने विचारलं. मी त्याला दरपत्रक दिलं आणि टक्केवारी सांगितली.